प्रत्येक चेंडू डावीकडेच का?

कळंबच्या शाळा-कॉलेजांतून बेसबॉल किंवा सॉफ्टबॉलकडे वळणारी मुलं बहुतेक क्रिकेट खेळूनच आलेली असतात. येताना ती दोन गोष्टी बरोबर आणतात. एक म्हणजे नजर, जी फार कामाची आहे. दुसरी म्हणजे टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये मुरलेली सवय, की चेंडू कुठेही पडो, लेगला उचलायचा. इकडे आल्यावर मैदानाबाहेर उभे असलेले सर आणि मोठी मुलंही तेच ओरडतात, “पुल कर, पुल कर!” मग उजव्या हाताचा बॅटर प्रत्येक चेंडू डावीकडे खेचायला बघतो. थर्ड बेसच्या बाहेर दोन फाउल जातात आणि तिसऱ्या चेंडूला बॅट हवेत फिरते.

क्रिकेटमधला पुल हा आखूड टप्प्याच्या चेंडूवरचा फटका असतो. बेसबॉलमध्ये बॅटर ज्या बाजूला उभा आहे त्याच बाजूच्या मैदानात चेंडू मारणं म्हणजे पुल. उजव्या हाताच्या बॅटरला ती बाजू लेफ्ट फिल्डची, डावऱ्याला राइट फिल्डची. आता प्रश्न असा, की बॅटरने नेहमी पुल करायला बघावं का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ‘पुल करूच नका, सगळं सरळ किंवा उजवीकडे मारा’ असं सांगणारेही तितकेच चुकतात. आत आलेला चेंडू पुल करायलाच हवा. पुलची ताकद कुठून येते आणि आपल्या मैदानावर तिचा किती उपयोग होतो, हे कळलं की कधी खेचायचं आणि कधी सोडायचं ते आपोआप ठरतं.

पहिल्यांदा वेळेचा हिशोब बघा. पूर्ण मापाच्या बेसबॉल मैदानात पिचरच्या पट्टीपासून होमप्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर अंतर असतं. पिचर हात पुढे आणून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला साधारण १७ मीटर जायचं असतं. ताशी १०० किलोमीटरने टाकलेला चेंडू सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापतो. म्हणजे बॅटरच्या हातात सहा दशांश सेकंद उरतात. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये ताशी १४५ किलोमीटरचा चेंडू चार दशांश सेकंदात येऊन थडकतो. एवढ्या वेळात चेंडू बघायचा, ठरवायचं आणि बॅटही फिरवायची. येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांनी १९९० साली बेसबॉलच्या भौतिकशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या हिशोबाप्रमाणे सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ घाई झाली तर चेंडू एका बाजूला फाउल जातो आणि तेवढाच उशीर झाला तर दुसऱ्या बाजूला.

म्हणून चेंडू कोणत्या बाजूला जाणार हे बॅट चेंडूला कुठे भेटते यावर ठरतं, मनगटाच्या हिसक्यावर नाही. शरीराजवळून येणारा आतला चेंडू बॅटच्या जाड भागावर घ्यायचा तर तो प्लेटच्या पुढेच, पुढच्या पायाच्याही पुढे गाठावा लागतो. तिथपर्यंत बॅट बरीच वळून आलेली असते, म्हणून चेंडू डावीकडे जातो. तिथे बॅटला वेग धरायला वाव मिळालेला असतो, त्यामुळे फटक्यातही जोर असतो. बाहेरच्या कडेवरचा चेंडू मात्र थोडा जवळ येऊ देऊन मागे गाठावा लागतो. तिथे बॅटचं तोंड अजून उजवीकडे असतं, म्हणून तो राइट फिल्डकडे जातो. हाच बाहेरचा चेंडू ओढून डावीकडे न्यायला गेलं की मनगटं आधीच उलटतात, बॅटचं टोक चेंडूच्या वरच्या अंगाला लागतं आणि तो लोळत लोळत शॉर्टस्टॉपच्या हातात जातो. क्रिकेटमध्ये चेंडू खाली ठेवायला मनगटं वळवायची शिकवण असते. तीच इथे घात करते.

क्रिकेटमध्ये चारी बाजूंना धावा असतात. इथे दोन फाउल रेषांमधला मैदानाचा चतकोरच आपला. घाईने खेचलेला जोरदार चेंडू थर्ड बेसच्या रेषेबाहेर गेला तर टाळ्या पडतील, पण स्कोअरशीटवर त्याची नोंद स्ट्राइक अशीच होते. दोन स्ट्राइक होईपर्यंत प्रत्येक फाउल पिचरच्या खात्यात जमा होतो.

मग अमेरिकेतले मोठमोठे बॅटर पुल का करतात? मोबाइलवर होम रनचे व्हिडिओ पाहून मुलं हाच प्रश्न विचारतात आणि प्रश्न रास्त आहे. तिथल्या मैदानांना कुंपण असतं आणि ते सगळीकडे सारख्या अंतरावर नसतं. मध्यभागी ते होमप्लेटपासून ४०० फुटांच्या आसपास असतं, तर फाउल रेषांच्या टोकाला साधारण ३१० ते ३३५ फुटांवर. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये डावीकडची भिंत ३७ फूट उंच आहे, पण अंतर जेमतेम ३१० फूट. मध्ये मारलेला जो उंच चेंडू झेल होतो, तोच रेषेजवळ मारला तर कुंपणापार जातो. म्हणून आजचे प्रशिक्षक ‘पुल करा’ म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ ‘हवेत पुल करा’ असा असतो. जमिनीवरून पुल केलेल्या चेंडूचं कौतुक तिथेही कोणी करत नाही.

आपल्याकडच्या शाळेच्या मैदानावर ते कुंपण कुठे आहे? शाळेची संरक्षक भिंत, रस्ता किंवा कडेच्या बाभळी, यांनाच आपण हद्द धरतो आणि बऱ्याचदा तीही एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला जवळ. म्हणजे हवेत पुल करण्याचं तिथलं मुख्य कारण इथे लागू पडेलच असं नाही. सामन्याआधी मैदानाला एक चक्कर मारा. दोन्ही फाउल रेषांच्या टोकाला काय आहे, चेंडू कुठे अडकतो, कुठे घरंगळत लांब जातो, हे पावलांनी मोजून घ्या. पंचांनी मैदानाचे स्थानिक नियम काय ठरवलेत तेही विचारून ठेवा. व्हिडिओतल्या सल्ल्यापेक्षा ही माहिती जास्त उपयोगी पडते.

कुंपण नसलं तरी आपल्याकडे पुलच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. उजव्या बॅटरने डावीकडे लोळत मारलेला चेंडू थर्ड बेसमन किंवा शॉर्टस्टॉपकडे जातो. थर्डवरून फर्स्टवर फेकायचं तर बेसबॉलमध्ये १२७ फूट, सॉफ्टबॉलमध्येही जवळजवळ ८५ फूट. चौदा वर्षांच्या मुलाला धावत येऊन, वाकून, उचलून एवढा थ्रो करायचा असतो. तो थ्रो टप्पा खातो, फर्स्ट बेसमनच्या ग्लोव्हमधून निसटतो आणि बॅटर सेकंडवर जाऊन उभा राहतो. तालुक्याच्या पातळीवर साध्या ग्राउंडरवर बेस मिळतात ते असे. याउलट उजवीकडे लोळत गेलेला चेंडू सेकंड किंवा फर्स्ट बेसमनला सापडला तर थ्रो आखूड आणि आउट जवळजवळ नक्की.

पण याच्या भरवशावर राहू नका. शालेय स्पर्धेत जिल्हा जिंकून लातूर विभागात गेलात की समोरच्या संघाचा थर्ड बेसमन तो थ्रो छातीच्या उंचीवर, नेमका पोचवतो. दुसऱ्याच्या चुकीवर उभा केलेला स्कोअर तिथे अपुरा पडतो. शिवाय फर्स्टवर आपला रनर असताना शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडर गेला तर डबल प्ले होऊन दोघंही आउट होण्याची भीती असते.

उलट बाजूचा फायदा आपल्याकडे पुष्कळांना दिसत नाही. शालेय संघात जो मुलगा सगळ्यात कच्चा, त्याला कुठे उभं करतात? राइट फिल्डला. बहुतेक बॅटर उजवे, सगळे डावीकडे मारणारे, मग तिकडे चेंडू जाणार कशाला, हा त्यामागचा हिशोब. तुम्ही बाहेरचा चेंडू थोडा उशिरा, सरळ रेषेत राइट फिल्डच्या पुढ्यात टाकला की तो हिशोब कोसळतो. एक काळजी मात्र घ्या. सॉफ्टबॉलमध्ये फर्स्ट बेस अवघ्या ६० फुटांवर असतो. राइट फिल्डर पुढे आलेला असेल आणि तुम्ही ‘आता हिट झालीच’ म्हणून रमतगमत पळालात तर तो तुम्हाला फर्स्टवरच आउट करू शकतो. मारलं की पळायचंच.

सेकंड बेसवर रनर आहे आणि कोणी आउट नाही, अशा वेळी उजवीकडे मारलेला साधा ग्राउंडरसुद्धा मोलाचा ठरतो. बॅटर आउट झाला तरी रनर थर्डवर पोचतो आणि पुढच्याच्या एका उंच फटक्यावर रन निघतो. त्या क्षणी डावीकडे जोरात खेचून शॉर्टस्टॉपकडे दिलेला चेंडू रनरला जागच्या जागी थोपवतो. बेसबॉलमध्ये फर्स्टवर रनर असेल तर आणखी एक संधी असते. रनरला धरून ठेवायला फर्स्ट बेसमन बेसला चिकटून उभा राहतो आणि त्याच्या आणि सेकंड बेसमनच्या मध्ये मोठी फट पडते. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही, त्यामुळे तिथे ही फट तेवढी मिळत नाही.

आपल्या मातीकडेही जरा बघा. शालेय स्पर्धांचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो आणि दिवाळीच्या आगेमागे रंगात येतो. मांजराकाठची काळी माती तेव्हा ओली असते. जमिनीवरून मारलेला चेंडू चिखलात रुतल्यासारखा थांबतो आणि पुढे धावत येणाऱ्या फिल्डरला आयता मिळतो. डिसेंबरनंतर तीच माती फुटते, भेगांवरून चेंडू कुठेही उसळतो आणि चांगल्या फिल्डरचीही फजिती होते. म्हणून ओल्या मैदानावर डोक्याच्या उंचीने जाणारा सपाट फटका हाच खरा फटका, मग तो डावीकडे जावो की उजवीकडे. सुकलेल्या मैदानावर ग्राउंडरलाही भाव येतो.

हा वाद जुना आहे आणि त्यातली दोन माणसं प्रत्येक बॅटरला माहीत असावीत. बॉस्टनचा टेड विल्यम्स डावरा होता आणि हट्टाने उजवीकडेच खेचणारा. १९४१ साली त्याची फलंदाजीची सरासरी (म्हणजे बॅटिंगच्या संधींपैकी हिटचं प्रमाण) ०.४०६ होती. १४ जुलै १९४६ रोजी क्लीव्हलंडचा खेळाडू-व्यवस्थापक लू बुड्रो याने जवळजवळ सगळे फिल्डर मैदानाच्या उजव्या बाजूला नेऊन उभे केले आणि डावी बाजू मोकळी सोडली. विल्यम्स बहुतेक वेळा फिल्डरांच्या त्या भिंतीतूनच मारत राहिला. पण त्याच वर्षी १३ सप्टेंबरला, क्लीव्हलंडविरुद्धच, त्याने एक चेंडू डावीकडच्या मोकळ्या मैदानात टाकला आणि कुंपण न ओलांडता चारही बेस पळून काढले. सामना १-० असा सुटला आणि त्या विजयाने लीगचं विजेतेपद बॉस्टनकडे आलं. असे फिल्डर एका बाजूला लोटायची पद्धत पुढे इतकी वाढली, की २०२३ पासून मोठ्या लीगने नियमच केला: सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर असलेच पाहिजेत.

दुसरा सान दिएगोचा टोनी ग्विन. हाही डावरा, पण थर्ड बेसमन आणि शॉर्टस्टॉप यांच्यामधल्या फटीत, म्हणजे पुलच्या उलट बाजूला, चेंडू सरकवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आठ वेळा तो लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत अव्वल राहिला. कारकिर्दीची सरासरी ०.३३८. १९९० च्या दशकात विल्यम्सची आणि त्याची गाठ पडली. म्हाताऱ्या विल्यम्सने त्याला आतला चेंडू सोडून न देता खेचून मारायला सांगितलं. ग्विनने मनावर घेतलं आणि १९९७ मध्ये, सदतिशीत, १७ होम रन मारले. तोवरच्या कोणत्याही मोसमात त्याला तेवढे जमले नव्हते. सरासरी तरी घसरावी? ती ०.३७२ होती. उलट बाजूचा सगळ्यात मोठा उस्ताद आतला चेंडू पुल करायला शिकला आणि आणखी चांगला झाला, हे ‘कधीच पुल करू नका’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

विल्यम्सने आपल्या पुस्तकात स्ट्राइक झोनचं चित्र काढलं होतं. त्यात ७७ चेंडू मांडून कोणत्या जागी आपण किती सरासरीने मारू, याचा अंदाज दिला होता. मधोमध ०.४००, तर खाली बाहेरच्या कोपऱ्यात ०.२३०. एवढा हट्टी पुलर, पण प्रत्येक चेंडू सारखा नसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आपल्यापैकी ज्यांना क्रिकेटचाच दाखला लागतो त्यांनी जानेवारी २००४ मधला सिडनीचा सचिन आठवावा. त्या दौऱ्यात ऑफच्या बाहेरचे चेंडू ड्राइव्ह करताना तो बाद होत होता. सिडनीत त्याने कव्हर ड्राइव्ह गुंडाळूनच ठेवला आणि नाबाद २४१ धावा केल्या, त्यातले बहुतेक चौकार लेगला. एका बाजूला खेळणं तिथे सवय म्हणून आलेलं नव्हतं. ते ठरवून केलेलं होतं आणि बाहेरचे चेंडू सोडून देण्याची शिस्त त्याच्या जोडीला होती.

आता सरावाचं. चेंडू ठेवून मारायचा स्टँड, म्हणजे टी, विकत घेण्याची गरज नाही. पीव्हीसी पाइपचा तुकडा फळीवर घट्ट उभा करा आणि वरच्या टोकाला ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा जुना रबरी होजपाइप बसवा. बॅट लागली तरी रबर वाकतं, बॅट खराब होत नाही. होमप्लेट १७ इंच रुंद असते. ती फक्कीने आखा. वाढदिवसाचा जुना फ्लेक्स दोरीवर टांगला की टेनिस बॉल अडवायला पडदा तयार. गावात फ्लेक्सला तोटा नाही.

टी तीन जागी ठेवून मारा. आतल्या चेंडूसाठी ती शरीराच्या बाजूला आणि पुढच्या पायाच्या फूटभर पुढे ठेवा. मधल्यासाठी प्लेटच्या मध्यावर, पुढच्या पायाच्या रेषेत. बाहेरच्यासाठी प्लेटच्या लांबच्या कडेला, पुढच्या पायाच्या थोडी मागे. तिन्ही जागी स्विंग एकच. बाहेरच्या चेंडूसाठी हात ढकलून ‘प्लेस’ करायचा नाही. पूर्ण जोराने फिरवायचं, फक्त चेंडू मागे गाठायचा. बहुतेक मुलं इथेच चुकतात. उजवीकडे मारायचं म्हटलं की त्यांची बॅट हळू होते आणि फटक्याऐवजी नुसती टपली बसते. सुरुवातीला बाहेरच्या जागेला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आतला चेंडू खेचायला आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

टी जमली की जोडीदाराकडून चेंडू उडवून घ्या. त्याने समोर उभं न राहता तिरकं, बाजूला बसावं, चेंडू टेनिसचाच वापरावा आणि हेल्मेट चढवावं. त्याने न सांगता कधी आत, कधी बाहेर टाकावा. बॅटरने मारण्याआधी मोठ्याने ‘आत’ किंवा ‘बाहेर’ म्हणावं. तोंडातून शब्द चुकला तर फटका कितीही चांगला लागला असला तरी तो धरू नका.

सामन्यात काउंट, म्हणजे किती बॉल आणि किती स्ट्राइक झाले, ते बघा. दोन बॉल, एकही स्ट्राइक नाही, किंवा तीन बॉल एक स्ट्राइक असेल तर पिचर अडचणीत आहे आणि त्याला स्ट्राइक टाकावाच लागणार. तेव्हा एकच जागा मनात धरा, आतली, आणि तिथे आला तर बिनधास्त खेचा. तिथे नाही आला तर सोडा. दोन स्ट्राइक झाल्यावर मात्र हात बॅटवर किंचित वर सरकवा, चेंडू अजून जवळ येऊ द्या आणि पिचरच्या डोक्यावरून उजव्या बाजूपर्यंतचं मैदान आपलं समजा. पिचर जर सतत बाहेरच्या कडेलाच टाकत असेल, तर तुमच्या आधीच्या दोन-तीन बॅटरांनी सगळं डावीकडे ओढायचा प्रयत्न केलेला त्याने पाहिलेला असतो.

डावऱ्या मुला-मुलींसाठी थोडं वेगळं. त्यांनी पुल केलेला ग्राउंडर फर्स्टच्या बाजूला जातो आणि थ्रो आखूड असतो, म्हणून शालेय पातळीवर ते सहज आउट होतात. त्यांनी डावीकडे, शॉर्टस्टॉपच्या बाजूला मारायला शिकावं. सॉफ्टबॉलमध्ये तर पळता पळता चेंडू डावीकडे ढकलण्याचा स्लॅप हा प्रकार आहे. फर्स्टला एक-दोन पावलं जवळ असणाऱ्या डावऱ्या बॅटरसाठीच तो जन्माला आलाय. आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. भारताच्या महिला खो-खो संघाची माजी कर्णधार सारिका काळे हिला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, ती इथलीच. खो-खोच्या मैदानावर पाठलाग करून तयार झालेले पाय ज्या मुलीकडे आहेत, तिला लांब मारायची सक्ती कशाला? तिला डावऱ्या बॅटरसारखं उभं राहून स्लॅप मारायला शिकवा. शॉर्टस्टॉप चेंडू उचलेपर्यंत ती बेसवर असेल. आपल्या जिल्ह्याने सॉफ्टबॉलमध्ये नाव काढायचं ठरवलं तर ते याच वाटेने निघेल, असं मला वाटतं.

क्रीडाशिक्षकांना एक विनंती. रेषेबाहेरून ‘पुल कर’ ओरडणं थांबवा. बॅटरकडे अर्ध्या सेकंदाचा वेळ असतो आणि त्याने स्विंग आधीच ठरवून टाकायला तुमची हाक पुरेशी असते. ओरडायचंच असेल तर ‘बघ, बघ’ एवढंच ओरडा. आणि स्कोअरशीटवर प्रत्येक बॅटरचा चेंडू आत होता की बाहेर आणि तो कुठल्या बाजूला गेला, एवढी खूण करायला राखीव खेळाडूंपैकी एकाला बसवा. बाहेरचा चेंडू डावीकडे ग्राउंडर होऊन गेला, अशा खुणा ज्याच्या नावापुढे जास्त, त्याची टी उद्यापासून प्लेटच्या लांबच्या कडेला लावा.